जखमेला कोणती गोळी?

लेखमाला : घरातली औषधपेटी, लेखांक ५

गेल्या आठवड्यात जखम धुण्याविषयी लिहिलं होतं. वाहतं पाणी, साबण, धनुर्वाताचं इंजेक्शन. आता गोळ्या.

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामाया मंदिराकडे जाणाऱ्या गल्ल्यांमधल्या मेडिकलवर ‘घाव सुखाने की गोली’ सर्रास मागितली जाते. तात्यापारा, बूढापाऱ्यातल्या आपल्या मराठी घरांमधूनही मागणी तीच, फक्त नावानिशी : ‘अॅझिथ्रो पाचशेच्या तीन द्या,’ नाहीतर ‘सिप्रो-टिनिडाझोल द्या’. औषधं दोन्ही चांगली, पण विळीने कापलेल्या किंवा खरचटून पिकलेल्या जखमेसाठी ती नव्हेत.

साध्या जखमेत त्रास देणारे जंतू मुख्यतः दोनच. पू धरतो तो बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियसमुळे. कातडी लाल, गरम होऊन सूज पसरत जाते, तेव्हा बहुधा स्ट्रेप्टोकॉकस असतो. गोळी या दोघांवर चालली पाहिजे, बाकी तिची किंमत कितीही असो. सिप्रोफ्लॉक्सासिन स्ट्रेप्टोकॉकसवर दुबळं पडतं. टिनिडाझोल ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंसाठी आहे, उघड्या जखमेत त्याला काम नाही. ‘भारी’ म्हणून मागितलं जाणारं सेफिक्झिम स्टॅफवर जवळजवळ निरुपयोगी. आणि अॅझिथ्रोमायसिनला हे जंतू बऱ्याच प्रमाणात दाद देईनासे झाले आहेत.

पेनिसिलिनचं तेच झालं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, तोवर जगभरच्या इस्पितळांतला स्टॅफ पेनिसिलिन तोडणारं विकर बनवायला शिकला होता. साध्या अमॉक्सिसिलिनलाही तो तसाच तोडतो. म्हणून डॉक्टर सेफॅलेक्सिन किंवा क्लॉक्सासिलिन लिहितात. त्या विकराला ही औषधं पुरून उरतात. तिसरा पर्याय म्हणजे अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, आपली ‘सहाशे पंचवीस’. यातलं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल विकरालाच निकामी करतं. ही तिन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आधी वापरायच्या गटात आहेत. अॅझिथ्रो आणि सिप्रो जपून वापरायच्या.

या तिघांत माझा कौल सेफॅलेक्सिनला. स्वस्त आहे, पोटाला सोसतं, दोन्ही जंतूंवर चालतं. अडचण एकच : दिवसातून तीन-चार वेळा घ्यावं लागतं, आणि दुपारचा डोस हमखास चुकतो. क्लॉक्सासिलिन उपाशीपोटी घ्यायचं, म्हणजे वेळा सांभाळणं आणखी जिकिरीचं. ‘सहाशे पंचवीस’ने जुलाब होतात, म्हणून ती जेवणाच्या सुरुवातीला घ्यावी. कुत्रा-मांजर चावल्याची जखम असेल तर मात्र पहिला मान तिचाच, कारण जनावरांच्या तोंडातले जंतू सेफॅलेक्सिनला पुरेसे बधत नाहीत. तिथे रेबीजची लस आधी, गोळी मागाहून. पेनिसिलिनने पूर्वी अंगावर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल, तर या तिन्हींपैकी काहीही घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

या तिघांनाही न जुमानणारा स्टॅफ असतो, एमआरएसए. भारतातल्या मोठ्या इस्पितळांच्या नमुन्यांत त्याचं प्रमाण लक्षणीय आहे. तिथे को-ट्रायमॉक्साझोल, डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन लागतं. मग सुरुवातीपासूनच दोन औषधं का देऊ नयेत? अमेरिकेत हे तपासून झालं आहे. पू नसलेल्या, पसरत्या लालीच्या रुग्णांवरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या सेफॅलेक्सिनने ८५.५ टक्के बरे झाले, जोडीला को-ट्रायमॉक्साझोल दिल्यावर ८३.५ टक्के. म्हणजे जोडगोळीने काही साधलं नाही.

गळवाचं गणित वेगळं. २०१६ च्या दुसऱ्या एका अभ्यासात सगळ्यांचं गळू चिरून पू काढला होता. त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोल नीट घेणाऱ्यांपैकी सुमारे ९३ टक्के बरे झाले, आणि नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे ८६ टक्के. इतकं काम एकट्या चिऱ्याने केलं! गोळीने भर पडते ती त्यावर. पू आत ठेवून वरून गोळ्या बदलत बसणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते, विशेषतः मधुमेह असलेल्यांची.

आणि ज्या जखमेत पू नाही, लाली पसरत नाही, ताप नाही, तिला यातली एकही गोळी नको. गोळ्यांच्या पट्टीवरची लाल रेष हेच बजावते : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही.

गोळी सुरू केलीत तर लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. साध्या जखमेला बहुधा पाच दिवस पुरतात. दोन दिवसांनीही लाली रेघेबाहेर सरकत असेल, थंडी वाजून ताप आला, लालसर पट्टा काखेकडे किंवा जांघेकडे चढू लागला, किंवा दिसते त्याहून वेदना फार जास्त असली, तर मेडिकलवर दुसरी गोळी मागू नका. थेट मेकाहारा किंवा टाटीबंधचं एम्स गाठा. पूचा नमुना तपासायला द्या आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी सोबत न्या.

पुढच्या आठवड्यात : जखमेवर लावायची मलमं.