मेंदूवरचा लाल डाग येतो कुठून?

‘भीती वाटली की मेंदूचा हा भाग पेटतो’ अशा बातमीशेजारी करड्या मेंदूवर लाल-पिवळे डाग छापलेले असतात. मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या एफएमआरआय यंत्रातून हे डाग थेट बाहेर पडत नाहीत. ते गणिताने काढावे लागतात.

एफएमआरआय यंत्र खरं तर रक्ताची चाहूल घेतं. प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमुळे चुंबकीय संकेत किंचित मंदावतो, हे सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये दाखवलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त धावतं आणि संकेत वाढतो. पण ही वाढ जेमतेम एक-दोन टक्के, आणि तीही पाच-सहा सेकंद उशिरा कळसाला पोहोचणारी.

यंत्र मेंदूचे साधारण तीन-तीन मिलिमीटरचे घन पाडतं. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. दर दोनेक सेकंदांनी प्रत्येक व्हॉक्सेलचा एक आकडा नोंदला जातो. डोकं मिलिमीटरभर हललं तरी हे आकडे बिघडतात, म्हणून आधी सगळ्या प्रतिमा एकमेकींवर नीट बसवतात. मग प्रत्येकाचा मेंदू एका प्रमाण नकाशात बसवतात आणि शेजारच्या व्हॉक्सेलची सरासरी घेऊन गोंगाट कमी करतात. लंडनचं एसपीएम आणि ऑक्सफर्डचं एफएसएल ही सॉफ्टवेअर याच कामाची. शेवटी प्रत्येक व्हॉक्सेलपुढे एकच प्रश्न: दिलेलं काम चालू असताना तुझा आकडा अपेक्षेप्रमाणे चढला का?

खरी अडचण इथे आहे. समजा, एक लाख व्हॉक्सेल तपासले आणि शंभरात पाच चुका चालवून घेतल्या. मग मेंदूत काहीही घडलेलं नसताना पाच हजार ठिकाणी ‘हो’ येणार! क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००९ मध्ये मांडलेल्या प्रयोगातून दाखवून दिलं. त्यांनी मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्या माणसांना काय वाटत असेल, असं विचारलं. साध्या हिशेबात मेलेल्या माशाचा मेंदूही ‘पेटला’. इतक्या चाचण्या एकदम केल्याची दुरुस्ती हिशेबात धरताच डाग नाहीसा झाला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

दुरुस्तीसुद्धा चोख हवी. स्वीडनमधल्या आंदर्स एकलुंड यांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये निरोगी माणसांच्या विश्रांतीच्या नोंदी तपासल्या. काम दिलेलंच नव्हतं, तेव्हा दिसलेला डाग खोटाच; असे खोटे निकाल ५ टक्के अपेक्षित होते. पण डागाच्या आकारावरून निर्णय घेणाऱ्या प्रचलित पद्धतींत ते काही वेळा ७० टक्क्यांपर्यंत गेले. पुढे २०२० मध्ये १०८ जणांच्या नोंदींचा एकच संच ७० संशोधक गटांना दिला गेला. कोणत्याही दोन गटांनी सगळ्या पायऱ्या सारख्या ठेवल्या नाहीत आणि काही प्रश्नांवर निष्कर्षही जुळले नाहीत.

म्हणून अशी बातमी वाचलीत, तर मूळ निबंधात किती माणसं तपासली आणि दुरुस्ती कोणती केली, एवढं जरूर पाहा. यातलं काहीच दिलेलं नसेल, तर त्या डागावर विश्वास ठेवू नका.