पाण्याखाली विहीर असते

निघोजे म्हटलं की निम्म्या लोकांना पारनेरचं निघोज आठवतं, कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांचं. आमचं निघोजे खेड तालुक्यातलं, इंद्रायणीकाठचं, चाकण एमआयडीसीतल्या गाड्यांच्या कारखान्यांना खेटून असलेलं. इथल्या भाड्याच्या खोल्यांत लातूर, नांदेड, यवतमाळपासून बिहार-ओडिशापर्यंतची पोरं राहतात. गुरुवारी कंपनीला सुट्टी. बुधवारी सेकंड शिफ्ट सुटली की ठरतं, उद्या गळ टाकायला जायचं. कुणी भामा आसखेडच्या धरणावर, कुणी चासकमानला, कुणी पवनेला. दोन मोटारसायकली, चार काठ्या, तंगुसाचं रीळ, डब्यात गांडुळं आणि कणकेचा गोळा.

यातला जवळजवळ प्रत्येक जण गावाकडं विहिरीत नाहीतर नदीत पोहायला शिकलेला असतो. घात होतो तो त्यामुळंच. आपल्या गावचं पाणी त्याला पाठ असतं आणि त्याच भरवशावर तो दुसऱ्याच्या गावच्या पाण्यात उतरतो. गेल्या काही वर्षांत या पोरांच्या तोंडून जे जे ऐकलं, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे आणि त्या चुकीची किंमत फार मोठी आहे. म्हणून हे लिहितोय.

“काठाला मांडीएवढंच तर पाणी आहे”

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही तिघं भामा आसखेडच्या काठाला होतो. पाणी खूप आटलं होतं, भेगाळलेल्या गाळावरून चालत खाली जावं लागलं. सोबत्याचा गळ पाण्यात कशात तरी अडकला. तंगूस तोडणं जिवावर आलं, म्हणून त्यानं पँट वर केली आणि सोडवायला आत शिरला. पाणी मांडीपर्यंतच होतं. मागं जाळं निवडत बसलेला एक म्हातारा एकदम ओरडला, “ओ दादा, मागं या! तिथं इहीर हाये.” सोबती जागच्या जागी थांबला. म्हातारा उठला, आपला होडीचा बांबू घेऊन त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या पुढं दोन पावलांवर तो बांबू पाण्यात उभा सोडला. पंधरा-सोळा फुटी बांबू मुठीपर्यंत खाली गेला आणि टेकला नाही. गळ अडकला होता तो विहिरीच्या पडक्या कठड्यात.

नैसर्गिक तळ्याचा काठ बऱ्याचदा हळूहळू उतरत जातो. धरणाच्या जलाशयाचं तसं नसतं. तिथं शेतं, बांध, विहिरी, ओढे, रस्ते, मुरमाच्या खाणी सगळं जसंच्या तसं पाण्याखाली गेलेलं असतं. जुनं नदीपात्र तर हमखास असतं आणि त्याचा काठ कड्यासारखा तुटलेला असतो. शिवाय पाण्याची पातळी रोज बदलते. जानेवारीत जिथं उभं राहून मासे धरले, ती जागा मे महिन्यात वाळलेली असते आणि मे महिन्यातला काठ म्हणजे जानेवारीतला खोल तळ. तिथला गाळ वरून कडक दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जातो. एक पाय काढायला जावं तर दुसरा आणखी रुततो. अशा वेळी उभं राहून झटापट करू नये. मागं बसावं, अंग आडवं टाकावं म्हणजे वजन पसरतं, आणि रांगत बाहेर यावं.

“पोहता येतं, मग कसली भीती?”

पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही पाणी सोडत नाही. जीन्स, बूट आणि खिशातला मोबाईल घेऊन पडलेला माणूस आणि चड्डीवर सूर मारणारा माणूस, यांचं पोहणं एक नसतं. उन्हाळ्यात जलाशयाचं वरचं पाणी कोमट असतं, पण काही फूट खाली ते गार असतं. त्या गारठ्यात दचकून श्वास आत ओढला जातो आणि तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पहिलाच घोट फुफ्फुसात जातो. पोटात दारू असेल तर अंदाज आणि तोल दोन्ही जातात, त्यावर अधिक बोलायची गरज नाही.

दुसरा गैरसमज याच्याच पोटातला. बुडणारा हात हलवून “वाचवा, वाचवा” म्हणतो, हे सिनेमात. खरं बुडणं बिनआवाजाचं असतं. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या वेळात श्वास घ्यायचीच घाई असते, ओरडायला हवा उरत नाही. हात हलवायला वर निघत नाहीत, ते पाणी खाली दाबत राहतात. पाच-पंचवीस फुटांवर गप्पा मारत बसलेल्या मित्रांना कळत नाही, ते याचमुळं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 या एका वर्षात देशात 38 हजारांहून अधिक माणसं बुडून गेली.

ज्यांचं कामच पाण्यातून माणसं काढणं आहे, त्यांचं काय होतं तेही आपण पाहिलंय. मे 2024 मध्ये अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. प्रशिक्षण होतं, साधनं होती. तरी पाणी भारी पडलं.

“इथं ऊन पडलंय, नदीला पाणी कुठून येणार?”

इंद्रायणी आमच्या दारातून वाहते, पण तिचं पाणी आमच्या पावसाचं नाही. ती लोणावळ्याच्या बाजूनं, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून येते. तिथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, चाकणच्या बाजूला त्याच्या पाव हिस्साही नाही. निघोज्यात चक्क ऊन असताना घाटावर ढग फुटलेले असतात. वडिवळे आणि आंद्रा धरणांचा विसर्गही याच नदीला येऊन मिळतो. दोन तासांपूर्वी ज्या खडकावर चालत गेलो, तिथून परतायला वाट राहत नाही. पावसाळ्यात पात्रातल्या खडकावर बसून गळ टाकायचाच नाही, एवढं साधं आहे.

बंधाऱ्यांचं वेगळंच. बंधाऱ्यावरून पातळ पाण्याची चादर पडताना बघायला छान वाटते आणि खाली मासेही भरपूर जमतात, म्हणून गळवाल्यांची तिथं गर्दी. पण पडणारं पाणी खाली जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडंच वळतं. त्यात सापडलेल्याला ते पायाशी ओढतं, वर फेकतं, पुन्हा ओढतं. कमरेएवढ्या उंचीच्या बंधाऱ्याखालीही हे होतं.

आणि जलपर्णी. मोशी, चिखली, आळंदी, आमच्याकडं, सगळीकडं ती पसरते, तेव्हा नदीवर लॉन अंथरल्यासारखं दिसतं. लहान मुलं तर पायच ठेवायला जातात. खाली पाणी तेवढंच खोल असतं, आणि त्यात मुळांचं जाळं. पाय अडकला की मोठ्यालाही तो सोडवता येत नाही.

“वारं सुटलं तर पटकन काठाला येऊ”

21 मे 2024 ची संध्याकाळ. उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण बुडाले. रोजच्या ये-जा करण्याच्या वाटेवरची बोट होती ती. वळवाचं वारं सांगून येत नाही. पाच मिनिटांत आरशासारख्या पाण्यावर लाटा उठतात आणि मोठ्या जलाशयावर त्या समुद्राच्या लाटांपेक्षा आखूड, उभ्या आणि एकापाठोपाठ एक येतात. थर्मोकोलचा तराफा, टायरची ट्यूब यांवर स्थानिक मच्छीमार बसतात, ते खरंय. पण त्यांचं उभं आयुष्य त्यावर गेलंय, त्यांना वाऱ्याचा वास येतो. त्यांचं बघून आपण ट्यूबवर बसणं म्हणजे गाडी दुरुस्त करणाऱ्याचं बघून ब्रेक खोलणं. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट अंगात घालून, पट्टे आवळून. सीटखाली ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही.

विजेचंही तेच. हल्लीच्या भारी काठ्या कार्बन फायबरच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. मोकळ्या काठावर सहा-सात फुटांची काठी उभी धरून बसलेला माणूस आजूबाजूच्या सगळ्यात उंच असतो. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवायची आणि पक्क्या इमारतीत किंवा काचा लावलेल्या मोटारीत जायचं, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही. पुण्याच्याच आयआयटीएम या संस्थेनं ‘दामिनी’ हे ॲप काढलंय, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं. फुकट आहे. वरून गेलेल्या वीजवाहक तारांखाली तर गळ फेकूच नये.

“देवाचं पाणी, त्याला परवानगी कसली?”

पाणी जलसंपदा खात्याचं असतं आणि बऱ्याच जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्यानं मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडं असतो. कटला, रोहू, मृगळची बोटुकली संस्था स्वतः पैसे घालून सोडते आणि महिनोन्‌महिने वाट बघते. न विचारता तिथं चार काठ्या लावणं त्यांच्या दृष्टीनं चोरीच आहे, आणि त्यांचं काही चुकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पोटात गाभोळी असलेली मादी धरणं म्हणजे पुढच्या वर्षीचे मासे आजच खाणं.

पण मला परवानगीचा खरा फायदा वेगळा वाटतो. काठावरच्या माणसाला “मामा, इथं बसू का?” असं विचारलं की तो नुसतं हो-नाही म्हणत नाही. विहीर कुठं आहे, जुना ओढा कुठून जात होता, गेल्या साली पोरं कुठं बुडाली, सगळं सांगतो. कुठल्याही मोबाईलच्या नकाशात हे नसतं. ज्यांची शेतं त्या पाण्याखाली गेली, त्यांच्याच डोक्यात ते आहे.

खाणीतून जिलेटिनची कांडी आणून पाण्यात फोडणारे आणि शेतपंपाच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणारे अजूनही आहेत. स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारायला या देशात 1897 च्या कायद्यानंच बंदी आहे. करंट सोडलेल्या पाण्यात मासा गोळा करायला उतरलेला माणूस त्याच माशासारखा तरंगतो.

“तळलं की सगळं मरतं”

इंद्रायणीवर आळंदीला पांढरा फेस येतो, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. सांडपाणी आणि रसायनमिश्रित पाणी नदीत येतं, साबणासारख्या द्रव्यांनी फेस होतो. अशा पाण्यातला मासा खळखळून तळला तर जंतू मरतात, ते बरोबर. पण शिसं, पारा यांसारखे जड धातू तेलात जळत नाहीत, मसाल्यात विरत नाहीत. ते माशाच्या अंगात साठतात आणि तिथून आपल्या. पहाटे पाण्यावर मेलेले मासे तरंगताना दिसले तर ते पोत्यात भरून आणणारे मी पाहिलेत. पाण्यातला प्राणवायू संपल्यानं किंवा विषानं मेलेला तो मासा असतो. तो पोरांना खायला घालू नका. आपल्या भागात गळाची हौस भागवायची तर कारखाने आणि गटारं लागण्याआधीच्या, वरच्या अंगाच्या पाण्यावर जा.

“उलटा धरा, पोटातलं पाणी काढा”

सगळ्यात जास्त जीव घेणारा गैरसमज हा. बाहेर काढलेल्या माणसाला कुणी खांद्यावर उलटा टाकून पळतं, कुणी पोट दाबतं, कुणी गोल फिरवतं. बुडालेला माणूस पोटातल्या पाण्यानं मरत नाही, मेंदूला प्राणवायू न मिळाल्यानं मरतो. पोट दाबलं तर जेवण वर येऊन श्वासनलिकेत जातं आणि उरलीसुरली आशाही जाते.

त्याला सपाट जागी उताणं झोपवा. हाक मारून प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर डोकं मागं कलवून हनुवटी उचला, नाक दाबून तोंडानं दोन श्वास भरा, छाती वर येताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून 30 वेळा दाबा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगानं. पुन्हा दोन श्वास. दुसऱ्यानं तोवर 108 ला फोन लावायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण फुफ्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं.

बुडून मेलेल्याला मिठात पुरून ठेवलं की तो जिवंत होतो, असा एक मेसेज फिरत असतो. ते साफ खोटं आहे. त्या मेसेजवर विश्वास ठेवून लेकराला मिठात ठेवणाऱ्या आई-बापांचं दुःख मला बघवत नाही, आणि तो पुढं पाठवणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असं एकाच घरातली माणसं जाताना आपण पेपरात वाचतो. बुडणारा माणूस हाताला येईल त्याच्यावर चढतो, सख्खा भाऊ असला तरी. म्हणून उडी मारायची नाही. काठावर पालथं पडून काठी, फांदी, ओढणी पुढं करायची, नाहीतर तरंगणारं काहीतरी फेकायचं. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला तेलाचा कॅन पाण्यात जवळपास पाच किलो वजन तोलून धरतो. छातीशी कवटाळला तर मोठ्या माणसाचं तोंड पाण्यावर ठेवायला तेवढं पुरतं. तो कॅन प्रत्येक स्वयंपाकघरात आहे आणि महिन्याला भंगारात जातो. या गुरुवारी निघाल तेव्हा त्याच्या कडीला पन्नास फूट दोरी बांधा आणि गांडुळांच्या डब्याआधी तो गाडीला अडकवा.