खाडीकाठची गरी : बर्फावरचा तंबू सारसोळ्याला चालेल का?

जिवंत कोळंबी गरीला कशी लावायची ते आज सांगणार होतो. तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सानपाड्याच्या एका वाचकाचा प्रश्न मला सोडवत नाही. त्यांचा मुलगा मिनियापोलिसला असतो. तिकडे हिवाळ्यात तळी गोठली की बर्फाला भोक पाडून मासे गरवतात आणि बसायला घडीचे तंबू वापरतात. मुलगा जुलैत येतोय. तसा एक तंबू आणला तर पावसात सारसोळ्याच्या जेट्टीवर चालेल का, असं ते विचारतात.

त्या तंबूंच्या मुख्य जाती दोन. एक स्लेजवर बसवलेला : सामान स्लेजमध्ये टाकून ओढत न्यायचा आणि जागेवर पोचल्यावर छत डोक्यावरून ओढून घ्यायचं. मिनेसोटाचं सरकारी खातं पायी जायलाच निदान ४ इंच स्वच्छ, नवा बर्फ हवा म्हणतं. गाडी नेण्याइतका थर जमेपर्यंत सगळं ओढूनच न्यावं लागतं, म्हणून ही रचना. दुसरी जात हबची. प्रत्येक भिंतीच्या मधोमध काड्या एका सांध्यात मिळतात. तो सांधा बाहेर ओढला की भिंत ताणून उभी राहते. तळ नसतो, कारण भोक आतच असतं.

हा तंबू त्याच्या जागी उत्तम आहे. मासा पायाखाली असल्यामुळे चारही बाजू बंद करून वाऱ्याकडे पाठ फिरवता येते. आपल्याकडे पाणी समोर असतं, आणि नवी मुंबई खाडीच्या पूर्व काठावर आहे. पावसाळ्याचा वारा नैऋत्येचा. म्हणजे वाशी, सारसोळे इथे गरवणाऱ्याच्या तोंडावर वारा आणि पाऊस एकदमच येतो. पलीकडे ट्रॉम्बेच्या काठावर बसलेल्याची पाठ वाऱ्याकडे असते; त्याला मोठी छत्रीही पुरते. आपल्या काठावर पाण्याकडे तोंड केलेला कुठलाही आसरा वाऱ्याने फुगतो. शिवाय बर्फात पिळून बसवायचे त्या तंबूचे खिळे जेट्टीच्या सिमेंटमध्ये शिरणार नाहीत आणि चिखलात टिकणार नाहीत. जाड अस्तराचं कापड जुलैच्या दमटपणात घुसमटवेल ते वेगळंच.

आपल्याकडचा खरा धडा मला इरल्यात दिसतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसाची पानं. भात लावताना वाकलेल्या माणसाचं डोकं आणि पाठ झाकलेली, दोन्ही हात मोकळे, पुढची बाजू उघडी. गरवणाऱ्याला नेमकं हेच हवं. पाठीवर घेऊन चालता येतं, वारा फिरला की माणूस इरल्यासकट फिरतो. आता पानांच्या जागी प्लास्टिक आलं, तरी मूळ विचार तोच आहे, आणि तो कुठल्याही महागड्या तंबूपेक्षा शहाणा आहे असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मी सुचवतो ती साधी ताडपत्री : ६ बाय ८ फूट, कडेला भोकं असलेली, आणि सुटे होणारे दोन बांबू किंवा अॅल्युमिनियमचे दांडे. जेट्टीवर खालची कड नैऋत्येला, उघडी बाजू उत्तरेला. काठी उघड्या बाजूला स्टँडवर ठेवली की बसल्या जागेवरून तिचं टोक दिसतं. दाबायला रिकाम्या गोण्या न्या आणि तिथेच दगड भरा. वजन घरून वाहायचं नाही. कांदळवनाला दोरी बांधू नका, ती झाडं कायद्याने संरक्षित आहेत.

नेण्याचा प्रश्न मी सगळ्यात आधी सोडवतो. गुंडाळलेली ताडपत्री काठीच्या पिशवीतच बसते आणि हार्बर लोकलच्या गर्दीत कुणाला लागत नाही. हबचा तंबू घडी करूनही साधारण चार फूट लांब राहतो. विमानाच्या सामानाला लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा बहुतेक कंपन्या लावतात. तो त्यात बसणं कठीण. मुलाला सांगा, तंबू तिथेच राहू दे आणि त्या पैशांत चांगली रीळ आण.

आणि सगळ्यांनाच एक विनंती : ढग गडगडले की काठी खाली ठेवून जेट्टी सोडा. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, आणि ताडपत्री विजेपासून वाचवत नाही.