पैनगंगेच्या अलीकडे

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी सेनगावकडच्या माणसाला ‘जिल्ह्याला’ जायचं म्हणजे परभणी गाठावी लागे. पहाटेची एसटी, हिंगोलीला उतरून दुसरी गाडी, कचेरीत पोचावं तर साहेब दौऱ्यावर, आणि मग रात्रीचा मुक्काम कुणा पाव्हण्याकडे. वाशीम त्या मानानं हाकेच्या अंतरावर. पण वाशीम पडलं विदर्भात, आणि मराठवाड्याच्या जमिनीचा कागद विदर्भात चालत नाही. परभणी जिल्ह्याचा नकाशा भिंतीला टांगला की आमचा भाग वरच्या खिळ्याजवळ यायचा. मराठवाड्याच्या नकाशातही तिथंच, आणि त्याआधी निजामाच्या राज्याच्या नकाशातही उत्तरेच्या कडेलाच. नकाशा कुणाचाही असो, आम्ही खिळ्याजवळ.

२०२४ मध्ये जिल्ह्याला पंचवीस वर्षं झाली. त्या निमित्तानं मागं वळून बघायचं तर पंचवीस वर्षांवर थांबता येत नाही. हे टोक कुणी टोक केलं, हे बघायला बरंच मागं जावं लागतं.

सुरुवात पाण्यापासून करू. जिल्ह्याच्या उत्तरेची शीव धरून पैनगंगा वाहते. पलीकडे वाशीम, यवतमाळ, म्हणजे वऱ्हाड. दक्षिणेला पूर्णा, वसमतच्या बाजूला आसना, आणि मधून कयाधू. प्रल्हादाच्या आईचं नाव असलेली ही नदी वाशीमकडून येते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी करत पुढं पैनगंगेला मिळते. कयाधू आणि पूर्णा यांच्या मधे औंढ्याचे डोंगर आहेत. डोंगर म्हणावेत इतके उंच नाहीत, पण पाण्याची वाटणी करायला तेवढी उंची पुरते. दक्षिणेच्या उतारावर पडलेला पाऊस पूर्णेतून थेट गोदावरीला जातो. उत्तरेच्या उतारावरचा कयाधूतून पैनगंगेत, तिथून वर्धेत, मग प्राणहितेत, आणि सगळा विदर्भ पालथा घालून सिरोंच्याजवळ गोदावरीला भेटतो. एकाच डोंगरावरच्या दोन थेंबांची गाठ पडायची तर अशी, शेकडो कोसांवर.

पाणी इथं पडतं आणि बाहेर जातं, ही तक्रार तशी जुनी आहे. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं १९६८ च्या सुमारास उभी राहिली. सिद्धेश्वर आमच्या हद्दीत. त्याच्या कालव्यानं वसमतचा पट्टा हिरवा झाला. तिथं ऊस आला, केळी आली, कारखाना आला. पैनगंगेवरचं इसापूर धरण कळमनुरी आणि पुसदच्या सीमेवर. त्याचे कालवे मात्र मुख्यत्वे नांदेडच्या दिशेनं निघाले. सेनगाव आणि औंढ्याच्या माळावर उभं राहून पाण्याचा प्रश्न विचारला की उत्तरात ‘सिंचनाचा अनुशेष’ हा शब्द येतो. आमच्या पुढाऱ्यांना तो मुखोद्गत आहे. विहिरीला मात्र तो अजून माहीत नाही.

माणसंही पाण्यासारखीच इथून निघाली. कयाधूच्या काठचं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, जन्मसाल १२७०. औंढ्याला नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून भेटले, ही वारकरी परंपरेतली कथा घराघरांत सांगतात. नामदेवांचं कीर्तन व्हावं म्हणून देऊळ फिरलं आणि नंदी मागं राहिला, हेही. नंदी खरोखरच मागं आहे, तेव्हा कथेला साक्षीदार दगडाचा आहे म्हणायचा. देवळाचा खालचा भाग यादवकाळातला, काळ्या पाषाणात कोरलेला. वरचं शिखर नंतरचं, आणि जोड डोळ्यांना दिसतो. गाभारा तळघरात आहे. अंग चोरून उतरावं लागतं, आणि आत गेल्यावर दगडाचा थंडपणा घामावर चढतो.

हेच नामदेव पुढं पंढरपूरचे झाले आणि उत्तरेत पंजाबापर्यंत गेले. तिथल्या घुमान गावी त्यांचं स्थान आहे, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राला घुमान सापडलं. नरसीला मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पंजाबातले शीख भाविक येत आहेत. नांदेडच्या हुजूर साहिबला आलेले जत्थे नरसीला वाट वाकडी करतात. आमच्याकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला घुमान कुठं आहे विचारलं तर दिशा सांगता येणार नाही, पण ‘भगतजींच्या गावची माणसं’ येतात ते महिने तो अचूक सांगेल.

अलीकडच्या काळातही उत्तरेची ही वाट मोडली नाही. सेनगाव तालुक्यातल्या कडोळीत १९१६ मध्ये जन्मलेले नानाजी देशमुख आयुष्यभर गोरखपूर, गोंडा, चित्रकूट इकडेच रमले. २०१९ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झालं तेव्हा कडोळी कुठं आली हे पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना नकाशात शोधावं लागलं.

पण हिंगोली गाव म्हणून जे घडलं ते संतांमुळे नव्हे, फौजेमुळे. एकोणिसाव्या शतकात निजामानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज पोसली, ती हैदराबाद कंटिंजंट, तिची एक छावणी इथं होती. का, तर वऱ्हाडावर नजर ठेवायला ही जागा सोयीची. छावणी आली म्हणजे बाजार आला, दवाखाना आला, घोड्यांचे डॉक्टर आले, उत्तर हिंदुस्थानातले शिपाई आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषा, त्यांचे सण आले. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना आहे. रावणदहन, रामलीला, प्रदर्शन हे सगळं मराठवाड्याच्या इतर गावांत इतक्या थाटानं का नाही, याचं उत्तर मला त्या छावणीत दिसतं. आजही गावात पत्ता सांगताना रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार हीच नावं येतात. पेन्शनपुऱ्यातली पेन्शन खाणारी पिढी जाऊन किती काळ लोटला, पण नाव टिकून आहे.

या छावणीची एक गोष्ट जगभर वाचली गेली, आणि ती हिंगोलीत फारच थोड्यांना ठाऊक आहे. निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर यानं १८३९ मध्ये ठगांवर एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत त्यानं हिंगोलीच्या हरिसिंगाची हकिगत दिली आहे. हरिसिंग छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरनं त्याच्याशी व्यवहार केलेला. एकदा हरिसिंगानं मुंबईहून कापड आणायचं म्हणून साहेबाकडून रीतसर परवाना घेतला. कापड वाटेवर होतंच, पण दुसऱ्याच व्यापाऱ्याचं. हरिसिंगानं त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना, गुरं हाकणाऱ्यांना वाटेतच मारलं, माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्यानं हे स्वतःच सांगितलं, आणि जणू एखादी गंमत सांगावी तसं. पहाऱ्याच्या चौकीपासून शंभर यार्डांच्या आत बाजारात खून पडले आणि प्रेतं पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली, असं टेलर लिहितो. ते खड्डे उकरताना तो स्वतः हजर होता. बंदोबस्तासाठी वसवलेल्या गावात बंदोबस्ताच्या सावलीत हे चाललं होतं. टोकाच्या गावाचा हाही एक उपयोग: येणारा-जाणारा अनोळखी असतो, आणि तो पुढं पोचला की नाही हे विचारणारं कुणी नसतं.

फौजेचा पगार थकत गेला, निजामावर कर्ज चढलं आणि १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. म्हणजे ज्या फौजेनं वऱ्हाडावर नजर ठेवायची, तिच्याच खर्चापायी वऱ्हाड हातचं गेलं. त्या दिवसापासून पैनगंगेची शीव ही सरहद्द झाली. त्याआधी ती नुसती नदी होती. मोगल अमलात पाथरी, माहूर, वाशीम ही सगळी सरकारं एकाच वऱ्हाड सुभ्यात होती. आता अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रज. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. मधे करोडगिरीचं नाकं. पलीकडची माणसं आमच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणायची, आणि त्या शब्दातला टोमणा इकडे बरोबर पोचायचा. वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याच्या नावातलं ‘नाका’ आजही गेलेलं नाही.

सोयरिकी मात्र नदीनं कधी अडवल्या नाहीत. हिंगोलीची पोर पुसदला, उमरखेडची कळमनुरीला, हे चालूच राहिलं. बोलीतही वऱ्हाडी हेल इतका मिसळला की लातूरकडचा माणूस आम्हाला ‘तुम्ही विदर्भातले का’ विचारतो आणि अकोल्याचा ‘मराठवाड्यातले ना’ म्हणतो.

१९०३ मध्ये कंटिंजंटच्या पलटणी हिंदी लष्करात सामावल्या आणि हिंगोलीची छावणी उठली. पुढं कंटिंजंटच्या पायदळातून जी हैदराबाद रेजिमेंट बनली, तिचं १९४५ मध्ये कुमाऊं रेजिमेंट असं नाव झालं. खाकी कपड्याशी गावाचं नातं तुटलं नाही. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच आहे.

छावणी गेल्यावर गाव कापसाच्या बाजारावर जगलं. पूर्णेहून मीटरगेज रेल्वे १९१२ मध्ये हिंगोलीला आली आणि इथंच थांबली. पुढं अकोला-खांडव्याशी जोड व्हायला १९६० च्या आसपासचा काळ उजाडला. मग काचीगुडा ते जयपूर मीनाक्षी एक्सप्रेस आमच्या दारावरून जाऊ लागली. गाडी दूरची, पण जागा मिळायची नाही. २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली. मुंबईला थेट गाडी हवी, ही मागणी त्यानंतरही निवेदनांत छापून येत राहिली.

पुन्हा नदीकडे. १९४७-४८ मध्ये हीच सरहद्द वरदान ठरली. रझाकारांचा जाच सुरू झाला तेव्हा गावंच्या गावं बैलगाड्या जुंपून पलीकडे गेली. पलीकडे स्वतंत्र हिंदुस्थान होता. उमरखेडसारख्या ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते. तिथून माणसं रात्री उतारानं नदी ओलांडून येत, काम करून परत जात. वसमतच्या महाविद्यालयाला याच लढ्यातले हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचं नाव आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले, मग १९६० मध्ये महाराष्ट्रात. एकशे तीन वर्षांनी नदीच्या दोन्ही काठांवर एकच राज्य आलं. पण रेघ पुसली म्हणता म्हणता प्रदेशांची रेघ तिथंच उमटली: निधी वेगळा, विकास मंडळ वेगळं, अनुशेष वेगळा. अपवाद एकच, लोकसभा. हिंगोली मतदारसंघात उमरखेडही आहे आणि किनवटही. पाच वर्षांतून एकदा का होईना, पुढाऱ्यांना पैनगंगा ओलांडावी लागते.

आता माणसांची मोजदाद. २००१ मध्ये जिल्ह्यात ९,८७,१६० माणसं होती, २०११ मध्ये ११,७७,३४५. राज्यात आमच्याहून कमी लोकसंख्या सिंधुदुर्ग आणि गडचिरोली या दोनच जिल्ह्यांची. शंभरातली जेमतेम पंधरा माणसं शहरात राहतात, आणि शहर म्हणजे काय, तर ८५ हजारांची हिंगोली, त्याखालोखाल वसमत. डोंगरपट्ट्यात आंध आदिवासींची गावं, माळावर बंजाऱ्यांचे तांडे, नदीकाठी मराठे, हटकर, बौद्ध, मुसलमान. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती झालीच नाही, म्हणून आम्ही अजून २०११ चेच आकडे पाठ म्हणतो.

त्या आकड्यांतही एक गोम आहे. २०११ ची मोजणी फेब्रुवारीत झाली, आणि नियम असा की मोजणीचा सगळा काळ माणूस जिथं असेल तिथं तो मोजायचा. फेब्रुवारीत आमच्या तांड्यांवरच्या ऊसतोड टोळ्या फडात असतात. दसरा-दिवाळीनंतर कोयता बांधून निघालेली जोडपी गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. तेव्हा तांड्यावर उरतात म्हातारी माणसं, त्यांच्या गळ्यात नातवंडं, आणि कुलपं. आता त्यात पुण्याच्या कंपन्या आणि हैदराबादची बांधकामं यांची भर पडली आहे. जिल्ह्याची खरी लोकसंख्या पोळ्याच्या दिवशी मोजावी, असं मला नेहमी वाटतं.

या पंचवीस वर्षांत उलट्या दिशेनं काही आलं असेल तर ती हळद. कापसानं दगा दिल्यावर वसमत, कळमनुरीच्या शेतकऱ्यांनी बेणं लावलं. पूर्वी माल सांगलीला जायचा. आता वसमत आणि हिंगोलीचे हळदीचे बाजार भावासाठी बघितले जातात. हिंगोलीच्या मार्केट यार्डाला नामदेवांचंच नाव आहे. कढईत हळद शिजवायचा काळ सरला, बॉयलर आले. मार्चमध्ये रस्त्यानं जाताना शिजलेल्या हळदीचा वास गाडीत शिरतो आणि पत्र्यांवर, खळ्यांवर पिवळं अंथरलेलं दिसतं. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. नांदेडची वाट धरणारी रुग्णवाहिका त्यामुळे लगेच थांबली असं नाही, पण सुरुवात झाली.

आणि दुधाळा. औंढा तालुक्यातल्या या माळावर गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभी राहणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीपेक्षा हजारो पटींनी लहान फरक पडला तरी तो कळणार. असं यंत्र ठेवायला गाड्यांची, कारखान्यांची, समुद्राची थरथर नसलेली जागा लागते. शास्त्रज्ञांनी देशभर शोधलं आणि त्यांना खिळ्याजवळचा हा कोपरा सापडला. इथं काही नाही, हीच इथली लायकी ठरली.

तिथून फार लांब नाही ते पांगरा शिंदे, वसमत तालुक्यातलं. तिथं गेली काही वर्षं जमिनीखालून गूढ आवाज येतात. २१ मार्च २०२४ ला पहाटे सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, १० जुलैला पुन्हा तेवढाच. त्या वेळी केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ होतं. नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. आवाज आला की आमच्याकडे माणसं अंगणात येतात, शेजारच्याला ‘आला का?’ विचारतात, तो ‘आला’ म्हणतो, आणि थोडा वेळ उभं राहून सगळे परत आत जातात.