गाडीचा दिवा : प्रखर हवा की नीट हवा?





पावसाळ्यापूर्वीच्या पालक सभेत एक सूचना आली होती. मुलांची ने-आण करणाऱ्या आपल्या जीपला व व्हॅनला बाजारात मिळणारे पांढरे एलईडी बल्ब बसवावेत, फॉग लाइटचे बल्बही बदलावेत आणि हा खर्च विश्वस्त मंडळाने करावा, अशी ती सूचना होती. ती मुलांच्या काळजीपोटीच आली होती, यात शंका नाही. त्या दिवशी मी "विचार करून सांगतो" एवढेच म्हणालो. तो विचार आज सर्वांपुढे ठेवत आहे.

आपल्या जोयडा तालुक्यातले रस्ते कसे आहेत हे तुम्हांला सांगायला नको. रामनगरहून अनमोड घाटाकडे निघा, जगलबेट-गणेशगुडीकडे जा किंवा कुंभारवाड्यावरून अणशी घाट उतरून कद्र्याला जा. गाव मागे पडले की रस्त्यावर एकही दिवा नसतो. आषाढ-श्रावणात ढग खाली उतरतात आणि संध्याकाळी पाच वाजताच दिवे लावावे लागतात. त्यात हा मुलूख जंगलाचा. २००७ साली झालेला दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्यातले गवे व सांबर रस्ता ओलांडताना पाटी वाचून थांबत नाहीत. तेव्हा चांगला दिवा हवाच. पण चांगला दिवा म्हणजे कोणता?

एक अनुभव

गेल्या पावसाळ्यात मी संध्याकाळी घरी परतत होतो. समोरून एक गाडी आली. तिचे दिवे इतके पांढरे व प्रखर होते की माझ्या डोळ्यांपुढे काही क्षण नुसता पांढरा पडदा आला. गाडीचा वेग कमी होता म्हणून बरे. ती पुढे गेल्यावर पाहतो तो माझ्या डाव्या बाजूला दोन हातांवर आपल्याच शाळेच्या दोन मुली छत्री धरून चालल्या होत्या. त्यांना काही झाले नाही, पण मी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटे तसाच बसून राहिलो. समोरच्या चालकाला रस्ता लख्ख दिसत असेल. त्याच्या त्या लख्ख उजेडानेच मला आंधळे केले होते.

दिव्याच्या आत काय असते?

नववी-दहावीच्या मुलांनी अंतर्वक्र आरसा शिकला आहे. मी पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकलो, तिथे याला अवतल दर्पण म्हणत. नाव कोणतेही घ्या, नियम एकच. आरशाच्या नाभीवर प्रकाशाचा उगम ठेवला तर परावर्तित किरण समांतर निघतात. उगम नाभीपासून थोडा हलला की किरणांची दिशा बदलते.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात. अप्परची तार ६० वॅटची, डिपरची ५५ वॅटची. अप्परची तार नाभीजवळ असते. डिपरची तार थोडी पुढे असते आणि तिच्याखाली धातूची एक लहानशी वाटी असते. ही वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे तो आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो व तिथून परतून रस्त्याकडे खाली वळतो. उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, प्रकाश खाली दाबलेला असतो. डावीकडे तो किंचित वर असतो, कारण त्या बाजूला पायी चालणारी माणसे असतात. हे सारे काम मिलिमीटरच्या हिशोबात चालते.

आता त्याच जागी स्वस्तातला एलईडी बल्ब घाला. हॅलोजनची तार सर्व बाजूंना प्रकाश टाकते, तर एलईडीचे कण एका पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेले असतात. पट्टीला जाडी असते, म्हणून प्रकाशाचा उगम नाभीपासून सरकतो. वाटीही नेमक्या जागी नसते. परिणामी काही प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो, काही झाडांच्या शेंड्यांवर जातो, तर काही गाडीच्या अगदी पुढ्यात पडतो. पुढ्यातला रस्ता लख्ख दिसल्यामुळे चालकाला समाधान वाटते. पण त्या उजेडाने त्याच्याच डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरचे काळोखात बुडते. एचआयडी किटचेही असेच आहे.

कारखान्यातूनच एलईडी दिवे लावून आलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे आरसा, भिंग आणि एलईडी एकमेकांसाठीच बनवलेले असतात. जर्मनीत २०२० साली ऑस्राम कंपनीच्या बदली एलईडी बल्बला रस्त्यावर वापरण्याची परवानगी मिळाली. पण तीही चाचणी केलेल्या ठरावीक मॉडेलांपुरतीच. एक बल्ब सर्व गाड्यांना चालतो, असे तिथेही कोणी मानले नाही.

वॅट वाढवले तर?

ही चूक मी स्वतः केलेली आहे. वीस वर्षांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजमध्ये मी जुन्या गाडीला १००/९० वॅटचे बल्ब बसवून घेतले. पहिले दोन महिने मी ऐटीत होतो. मग एका रात्री अणशी घाटात जळका वास आला आणि दोन्ही दिवे गेले. होल्डरचे प्लास्टिक वितळले होते. उरलेला घाट टॉर्चच्या उजेडात, एका ट्रकच्या मागे मागे उतरलो.

कारण साधे आहे. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे. १२ व्होल्टवर ५५ वॅटच्या दोन बल्बांना सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो. १०० वॅटच्या दोन बल्बांना जवळजवळ १७ अँपिअर लागतो. मूळच्या तारा, स्विच व होल्डर त्यासाठी केलेले नसतात. उष्णताही वाढते आणि आरशाचा मुलामा काळवंडतो.

याची दुसरी बाजूही सांगतो. जुन्या गाड्यांत दिव्याचा सगळा प्रवाह स्विचमधून फिरून जातो, म्हणून बल्बपर्यंत पोचताना व्होल्टेज पडते. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर उजेड जवळजवळ ३० टक्के कमी होतो. म्हणजे पुष्कळदा बल्ब कमजोर नसतोच, त्याला पोटभर खायला मिळत नसते. चांगल्या वायरमनकडून रिले व फ्यूज घालून बॅटरीवरून जाड तार नेली की तोच ६०/५५ चा बल्ब नव्यासारखा उजळतो. मात्र नव्या गाड्यांत दिवे संगणकाच्या ताब्यात असतात. तिथे कंपनीला विचारल्याशिवाय तारांना हात लावू नये.

धुक्यातला दिवा

पिवळा प्रकाश धुक्यातून आरपार जातो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. फ्रान्समध्ये तर १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. पण धुक्याचे थेंब बहुधा १० ते २० मायक्रॉनचे असतात आणि प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. थेंब इतके मोठे असल्यामुळे ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. पिवळा रंग डोळ्यांना सौम्य वाटतो हे खरे, पण तो धुके भेदत नाही.

फॉग लाइटचे खरे बळ त्याच्या जागेत आहे. तो बंपरमध्ये खाली असतो आणि त्याचा झोत रुंद व चपटा असतो. म्हणून आपल्या नजरेसमोरच्या धुक्याला न उजळता तो रस्त्याची कड दाखवतो. त्यात चुकीचा प्रखर बल्ब घातला की झोत वर फुटतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात अप्पर लावल्यावर हेच होते. म्हणून धुक्यात डिपर आणि फॉग लाइट लावावेत, वेग कमी ठेवावा आणि डावीकडची पांढरी रेघ धरून चालावे. धुके सरले की फॉग लाइट बंद करावेत.

उजेड आणि वेग

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर झाले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटर धरा. एकूण ६० मीटर. गडद कपड्यातला माणूस डिपरच्या उजेडात साधारण ४० ते ५० मीटरवर दिसतो. गव्याचे अंग तर काळे, आधी दिसतात ते त्याचे पांढरट पाय. हाच हिशोब ताशी ४० किलोमीटरला केला तर गाडी ३३ मीटरच्या आसपास थांबते. कोणत्याही बल्बपेक्षा या वीस किलोमीटरची किंमत अधिक आहे.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०६ प्रमाणे पुढचा झोत खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा. ८ मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. दीड मीटर म्हणजे आपल्या आठवीतल्या मुलाची उंची, हे लक्षात घ्या. पूर्वी हेडलाइटच्या काचेवर वरच्या बाजूला काळा रंग लावत, तो याच हेतूने. कर्नाटक पोलिसांनीही जुलै २०२४ पासून डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम घेतली होती.

माझा प्रस्ताव

विश्वस्त मंडळाने एलईडी बल्बांवर खर्च करू नये, असे माझे नम्र मत आहे. त्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात.

१. दोन्ही गाड्यांच्या दिव्यांच्या काचा रोज पुसाव्यात. आपली तांबडी माती एका फेरीत निम्मा उजेड खाते. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या काचा घासून घ्याव्यात, नाहीतर बदलाव्यात.

२. नामांकित कंपनीचे, मूळ वॅटचेच बल्ब जोडीने बदलावेत. बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाच्या तेलकटपणामुळे बल्ब लवकर जातो.

३. जुन्या जीपला रिले बसवावा.

४. झोताची उंची तपासावी. गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. डिपरची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. मागे माणसे बसली की गाडीचे नाक वर होते, म्हणून मुले बसवून तपासावे. शाळेच्या मागच्या भिंतीवर मी खुणा करून ठेवल्या आहेत. पालकांनीही शनिवारी संध्याकाळी आपापल्या गाड्या जरूर आणाव्यात. भौतिकशास्त्राची मुले मोजमाप करतील.

५. वाचलेल्या पैशांतून पायी येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दप्तराला व रेनकोटला चमकणारी पट्टी लावावी. साध्या डिपरच्या उजेडातही ती दुरून दिसते.

आपल्या दिव्याने आपल्याला दिसावे आणि समोरच्यालाही दिसू द्यावे, एवढीच अपेक्षा आहे. त्या संध्याकाळी छत्री धरून चालणाऱ्या मुली माझ्या घरच्या नव्हत्या, पण त्या कोणाच्या तरी घरच्या होत्या. समोरून येणारी प्रत्येक गाडी आपल्या मुलांच्या शेजारून जाणार आहे, हे ध्यानात ठेवून आपण आपला डिपर लावू या.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक