ठासणीचे रिव्हॉल्व्हर आणि टंचाईचे दिवस

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे २०२१ साली पत्र आले. त्या राज्यातील गेटिसबर्ग गावी १८६३ साली अमेरिकन यादवी युद्धातील मोठी लढाई झाली. तेथील इतिहासप्रेमी मंडळी त्या काळचे गणवेश चढवून लढाईचे प्रसंग पुन्हा उभे करतात, आणि एरवी जुन्या पद्धतीच्या शस्त्रांनी निशाणबाजीही करतात. अशाच एका मंडळात तो सामील झाला होता. त्याने लिहिले होते, "सर, रिव्हॉल्व्हर चढ्या भावाने का होईना मिळते आहे, पण त्याच्या टोप्या मिळत नाहीत आणि दारूही मिळत नाही. दुसरे काही वापरले तर चालेल का?"

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर माणसाची बोटे आणि डोळे अवलंबून असतात, म्हणून आज त्याच विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपल्याकडील ठासणीची बंदूक अनेकांनी पाहिली असेल. नळीत दारू ओतावयाची, वर गोळी ठासावयाची आणि मागे टोपी बसवून चाप ओढावयाचा. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन गृहस्थाने १८३६ साली ज्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले, त्याचे तत्त्व हेच होते. फरक इतकाच की, एका नळीमागे फिरते चक्र होते आणि चक्राला अनेक घरे होती. प्रत्येक घरात दारू, तिच्यावर शिशाची गोळी आणि पाठीमागच्या बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी. घोडा टोपीवर आदळला की ठिणगी आत शिरते व बार उडतो. पुढे आलेली कोल्टची १८५१ व १८६० ची रिव्हॉल्व्हरे, तसेच रेमिंग्टन कंपनीचे रिव्हॉल्व्हर ही यादवी युद्धात फार वापरली गेली. एकट्या १८६० च्या नमुन्याचे सुमारे २ लाख नग तयार झाले.

आज बाजारात मिळतात त्या या रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती होत. यादवी युद्धाची शताब्दी १९६१ साली जवळ येऊन ठेपली, तेव्हा अमेरिकेत अशा प्रतिकृतींना मागणी आली. ती पुरवली इटलीतील ब्रेशिया जिल्ह्याने, जेथे शेकडो वर्षे बंदुका घडवण्याचा व्यवसाय चालत आला आहे. उबेर्ती आणि पिएत्ता ही तेथील दोन नावे आज या धंद्यात सर्वांत परिचित आहेत. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने १८९८ पर्यंतची जुनी शस्त्रे आणि आधुनिक काडतूस न वापरणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती यांना 'बंदूक' या व्याख्येतून वगळले. त्यामुळे तेथील बहुतेक राज्यांत ही रिव्हॉल्व्हरे टपालाने घरपोच येऊ शकतात. काही राज्यांचे कायदे मात्र अधिक कडक आहेत.

टंचाईचे मूळ येथेच आहे. २०२० साली महामारी व अशांतता यांमुळे अमेरिकेत शस्त्रखरेदीची लाट उसळली. खरेदीदारांच्या पूर्वचौकशीच्या सरकारी नोंदी त्या एका वर्षात ३ कोटी ९० लाखांच्या वर गेल्या. दुकानांतील आधुनिक पिस्तुले संपली, तेव्हा अनेकांची नजर कागदपत्रांवाचून मिळणाऱ्या प्रतिकृतींकडे वळली. नेमक्या त्याच वेळी ब्रेशिया जिल्हा साथीने होरपळत होता, आणि इटलीच्या सरकारने मार्च २०२० मध्ये अत्यावश्यक नसलेले उत्पादन बंद केले होते. टोप्या बनवणारे अमेरिकन कारखाने आधुनिक काडतुसांच्या मागणीखाली दबून गेले. पुढे लुइझियाना राज्यातील काळ्या दारूचा प्रमुख कारखानाही २०२१ साली बंद करण्यात आला. २०२२ साली तो दुसऱ्या मालकाच्या हाती गेला व त्याला पुन्हा चालना मिळाली.

श्रोतेहो, या शस्त्रांच्या जन्मकाळीही अशीच टंचाई होती. यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांची बंदरे उत्तरेच्या नौदलाने रोखून धरली. दक्षिणेत पोलादाची टंचाई होती. जॉर्जिया राज्यात कापूस पिंजण्याची यंत्रे बनवणारा ग्रिसवोल्डचा कारखाना होता. त्याने कोल्टच्या रिव्हॉल्व्हरची नक्कल सुरू केली. तेथील बहुतेक कामगार गुलाम होते, हे विसरता कामा नये. सांगाड्यासाठी लोखंडाऐवजी पितळ वापरले गेले आणि त्यासाठी चर्चच्या घंटाही वितळवल्या गेल्या. प्रार्थनेला बोलावणाऱ्या धातूचे शस्त्र व्हावे, याची खंत माझ्यासारख्याला वाटल्यावाचून राहत नाही. अशी सुमारे ३,६०० रिव्हॉल्व्हरे बनली. १८६४ च्या नोव्हेंबरात शत्रुसैन्याने तो कारखाना जाळला. टोप्यांसाठी तांबे उरले नाही, तेव्हा मद्य आणि टर्पेंटाइन गाळण्याची भांडी गोळा करण्यात आली.

उत्तरेलाही टंचाईची झळ लागलीच. दारूतील मुख्य घटक जो सोरा, तो आपल्या बिहार प्रांतातून कलकत्त्यामार्गे इंग्लंडला व तेथून अमेरिकेला जात असे. १८६१ च्या अखेरीस दोन्ही देशांत तंटा उद्भवताच इंग्लंडने ती निर्यात रोखली, आणि तंटा मिटेपर्यंत उत्तरेच्या दारूखान्यांना घोर लागला.

आता ग्रिसवोल्डच्या कारागिरांनी पर्याय कसा शोधला ते पाहा. पितळ मऊ असते, हे ते जाणत होते. म्हणून ते सांगाड्याला वापरले. स्फोटाचा दाब ज्यावर येतो त्या चक्राला वापरले नाही. चक्रासाठी त्यांनी लोखंडाला पीळ देऊन त्याची ताकद वाढवली. पर्याय कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, हा विवेक त्यांनी सोडला नाही. टंचाईच्या दिवसांत खरेदीदाराने शिकावयाचा धडा हाच.

पितळी सांगाड्याची प्रतिकृती स्वस्त असते व टंचाईत तीच आधी हाती लागते. ती घेण्यास हरकत नाही. मात्र तिच्यात दारूचे प्रमाण कमीच ठेवले पाहिजे. भरपूर दारूने वारंवार बार काढल्यास सांगाडा ताणला जातो आणि सांधे ढिले पडतात. जुना नग विकत घ्यावयाचा असेल, तर त्यावरील इटालियन चाचणीगृहाचे शिक्के पाहावेत. 'पी' आणि 'एन' ही अक्षरे काळ्या दारूची निदर्शक असतात, तर लहान चौकटीतील खुणेवरून चाचणीचे वर्ष कळते. घोडा पूर्ण मागे ओढल्यावर चक्र घट्ट थांबते की डुगडुगते, हेही पाहून घ्यावे.

टोपीच्या बाबतीत पर्यायाला वाव फार थोडा आहे. टोप्या प्रामुख्याने दहा व अकरा या क्रमांकांच्या येतात. सैल टोपी चिमटून बसवण्याची सवय अनेकांना असते. पण ती गळून पडते किंवा शेजारच्या घरातील आग आत शिरू देते. तसे झाले की एकाऐवजी अनेक बार एकदम उडतात. घट्ट टोपी ठोकून बसवावी, तर ती तेथेच पेट घेऊ शकते. शहाणपण असे की, जी टोपी मिळते तिच्या मापाची बोंडी विकत घेऊन बसवावी. बोंड्या सुट्या मिळतात.

दारूच्या बाबतीत नियम अधिकच कठोर आहे. काळ्या दारूऐवजी तिच्याच शस्त्रांसाठी बनवलेले पायरोडेक्ससारखे पर्याय चालतात. मात्र ते उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच वापरावे लागतात. आधुनिक काडतुसांतील बिनधुराची दारू मात्र कदापि भरू नये, चिमूटभरही नाही. तिचा दाब या चक्राला पेलत नाही. चक्र फुटते आणि त्याचे तुकडे हात व चेहरा यांवर येतात.

आपल्या देशातील श्रोत्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील सवलत येथे नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकणारे कोणतेही शस्त्र बंदुकीत मोडते, आणि त्याला परवाना लागतो. परदेशातील आप्ताने हौसेने आणलेली प्रतिकृती विमानतळावर मोठी अडचण ठरेल.

माझ्या विद्यार्थ्याला मी लिहिले, "आधी टोप्या आणि दारू मिळव, रिव्हॉल्व्हर त्यानंतर घे. मिळाल्या नाहीत, तर या वर्षी मंडळात पताका घेऊन उभा राहा." त्याने तसेच केले. पुढच्या पत्रासोबत त्याचे छायाचित्र आले. त्यात त्याच्या हाती निळी पताका होती, आणि ती धरणारी दहाही बोटे शाबूत होती.