अंगणातील पाठशाळा

बालमुनी अतिमुक्तकांची कथा जैन घरांत परिचित आहे. पावसाच्या वाहत्या पाण्याला मातीची पाळ घालून त्यांनी आपले पात्र त्यात सोडले व ‘माझी नाव’ म्हणत ते रमून गेले. स्थविर मुनींना हे खटकले. भगवान महावीरांनी मात्र बालमुनींची अवहेलना करू नये, असे त्यांना बजावले आणि हा जीव याच भवात मुक्त होणार आहे, हेही सांगितले. भगवतीसूत्रातील या प्रसंगात बालस्वभावाविषयीची केवढी उदारता आहे!

आज व्यापारी कुटुंबांतील मुलांच्या वाट्याला अंगणच उरलेले नाही. खाली दुकान, वर घर आणि समोर रहदारी. संध्याकाळ ही गिऱ्हाइकीची ऐन वेळ. मूल मोबाइल घेऊन गादीवर गप्प बसले, की सर्वांची सोय होते. त्यात काही श्रद्धाळू घरांत एक शंका असते : माती-गवतात खेळल्याने जीवविराधना होणार नाही का?

शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर मुलाला कोंडून ठेवण्यात नाही, यतना शिकवण्यात आहे. गांडूळ द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, फुलपाखरू चतुरिंद्रिय, हे मुले पाठशाळेत पाठ करतात. पण ज्याने मुंग्यांची रांग कधी वाकून पाहिली नाही, त्याच्या लेखी ते केवळ कोष्टक असते. धावता धावता त्या रांगेपाशी थबकलेले पाऊल हाच ईर्यासमितीचा पहिला धडा होय. ज्या जीवाची ओळखच नाही, त्याच्याविषयी करुणा कोठून उपजणार?

शरीराचा हिशोबही याहून वेगळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान 180 मिनिटे हालचाल करावी, त्यांतील 60 मिनिटे दमछाक करणारी असावीत आणि पडद्यासमोरचे बसणे एका तासापेक्षा अधिक नसावे. उघड्यावरच्या उजेडात वेळ घालविणाऱ्या मुलांत लघुदृष्टीचा दोष उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळते. 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीही बालशिक्षणात मुक्त खेळाला मानाचे स्थान दिले.

उपाय साधे आहेत. दुकान उघडण्यापूर्वी अर्धा तास वडिलांनी मुलाला मैदानावर न्यावे. दुपार कलल्यावर आजी-आजोबांनी बागेत न्यावे आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला परत आणावे. भूकही खरी लागेल. चातुर्मासात हिरवळ व शेवाळ टाळून गच्ची किंवा कोरडे पटांगण निवडावे आणि ते का टाळले, हेही मुलाला समजावून सांगावे. पाठशाळेनेही महिन्यातून एखादा वर्ग झाडाखाली भरवावा.

पुढच्या पिढीसाठी ठेवी ठेवण्यात आपला समाज कधी मागे राहिलेला नाही. बालपणीचा रोजचा एक मोकळा तास ही अशीच ठेव आहे. फरक इतकाच, की मुदत टळून गेल्यावर ती ठेवता येत नाही.